आखूड केलेल्या चेसिसला जोडापाशी पुन्हा पुन्हा तडा जातोय? वेल्डरला शिव्या देण्याआधी हे बघा

दुखणं असं असतं. जुन्या ट्रकची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मधून कापून आखूड केली, वेल्डिंग मारलं, वरून पट्टी ठोकली आणि गाडी कामाला लागली. दोन-तीन महिन्यांत जोडापाशी तडा. तो भरला, पट्टी आणखी जाड केली. पुन्हा तडा, या वेळी चार बोटं पुढे. तिसऱ्यांदा तेच. मालक म्हणतो वेल्डर कामचुकार, वेल्डर म्हणतो पत्राच सडलाय आणि ड्रायव्हर म्हणतो गाडीला नजर लागलीय.

आमच्याकडे या दुखण्याची जी गाडी आली ती खडी क्रशरवरची. सोळा टनी, मूळची लांब हौद्याची, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे ४.२ मीटर. खाणीतल्या वळणावर ती एका दमात वळायची नाही, दर खेपेला पुढे-मागे करावं लागायचं. म्हणून मालकांनी चेसिसची दोन्ही चॅनेल (दोन बाजूंच्या लांब तुळया) मधून ६०० मिमी कापून ती ३.६ मीटरवर आणली आणि वर टिपरचा हौदा चढवला. विचार चुकीचा नव्हता. चाकं तेवढीच वळत असतील तर वळणाचा घेर व्हीलबेसच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे इथे सातवा हिस्सा. टाटा १६१३ सारख्या जुन्या गाड्यांच्या नावात १६ म्हणजे टन, १३ म्हणजे १३० अश्वशक्ती आणि पुढे ४२ किंवा ३६ येतं तो व्हीलबेस. कारखान्यातून टिपर ३६ मध्ये यायचे. पण कारखान्यात ३६ चं चॅनेल अखंड असतं, आपण ४२ चे तुकडे करून ३६ बनवतो. फरक तिथेच आहे.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की, कंपनीने दिलेला आणि आरसीवर असलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करायचा नाही. व्हीलबेस आरसीवर असतोच. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: असा फेरफार केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'माझ्या ओळखीचे एजंट आहेत' म्हणणाऱ्यांनी अपघातानंतर विमा कंपनी काय विचारेल याचा विचार करावा. ही क्रशरवरची गाडी नोंदणी रद्द करून कुंपणाच्या आत चालते, म्हणून मी तिला हात लावला. रस्त्यावर धंदा करायचा असेल तर कारखान्यातून आखूड आलेला जुना टिपर शोधा. तो शेवटी स्वस्तच पडतो.

आता तड्याकडे.

तडा कुठून सुरू झाला ते आधी शोधा

बहुतेक गॅरेजमध्ये तडा दिसला की वेल्डिंगचं मशीन चालू होतं. तसं करू नका. तडा ही गाडीने लिहिलेली चिठ्ठी आहे, ती वाचायच्या आधी भरून टाकली तर मजकूर गेला. वायर ब्रशने रंग आणि गंज काढा, रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास सोडा, कोरड्या फडक्याने पुसा आणि वर खडूची पूड किंवा पातळ चुना फासा. थोड्या वेळाने तड्यातलं तेल चुन्यात उमटतं आणि काळी रेघ स्पष्ट दिसते. हल्ली लाल रंग आणि पांढऱ्या पावडरचे स्प्रे मिळतात, काम तेच. डोळ्याला दिसतो त्याच्यापेक्षा तडा नेहमी पुढे गेलेला असतो. दोन्ही टोकं खडूने खुणावून फोटो काढा.

मग बघा, तो नक्की कुठे आहे. जोडाच्या पोटात, म्हणजे वेल्डच्या मधोमध असेल तर वेल्ड आतपर्यंत गेलंच नव्हतं. वेल्डच्या काठाला चिकटून, शेजारच्या पत्र्यात असेल तर काठ खाल्ला गेलाय किंवा पत्रा ताठरलाय. आपल्याकडे वेल्डिंग झालं की त्यावर पाणी मारायची खोड आहे, चर्रर आवाज आला की काम झाल्याचं समाधान मिळतं. त्या पाण्याने वेल्डशेजारचा पत्रा काचेसारखा ठिसूळ होतो. हे बंद करा. आपोआप गार होऊ द्या, तोवर चहा घ्या.

तडा भोकातून निघाला असेल तर भोक बघा. गॅसने पाडलेल्या भोकाच्या कडेला दाते असतात आणि प्रत्येक दाता तड्याची सुरुवात असतो. आणि तडा पट्टीच्या टोकाला असेल, म्हणजे जोड शाबूत पण पट्टी जिथे संपते तिथे चॅनेल फाटलंय, तर तुमचं दुखणं आमच्या गाडीचं आहे. वारंवार येणारं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

पट्टी जाड केल्याने का भागत नाही

इथे थोडं गणित करतो, कारण याशिवाय मालक ऐकत नाहीत. आमच्या गाडीचं चॅनेल मोजलं: उंची २२५ मिमी, फ्लँज (वरचा-खालचा आडवा काठ) ६५ मिमी, पत्रा ७ मिमी. सी आकाराच्या या चॅनेलमध्ये उभ्या पत्र्यात लोखंड जास्त आहे, साधारण ६२ टक्के. वरची-खालची फ्लँज मिळून ३८ टक्के. पण वाकण्याला जो विरोध होतो त्यातला जवळपास दोन तृतीयांश या फ्लँजमधून येतो, कारण त्या मध्यापासून सर्वांत लांब आहेत. आता त्या उभ्या पत्र्यावर बाहेरून १० मिमी जाड, २०० मिमी उंच पट्टी मारली. दिसायला रणगाडा. हिशेब केला तर ती पट्टी एकटी अखंड चॅनेलच्या अर्ध्यापेक्षाही कमी भार पेलते. म्हणजे खालच्या फ्लँजचं वेल्ड कच्चं असेल तर पट्टी त्याची भरपाई करू शकत नाही, फक्त ते झाकते.

पट्टीचं दुसरं नुकसान मोठं आहे. जिथे पट्टी आहे तिथे चॅनेल चाळीस टक्क्यांनी ताठ झालं आणि पट्टी सरळ काटकोनात कापलेली असेल तर तो ताठपणा एका रेषेवर संपतो. भरलेली गाडी खड्ड्यात आपटली की सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. वर त्याच रेषेवर, वरपासून खालपर्यंत, उभं वेल्ड मारलेलं. तडा दुसरीकडे जाईल कशाला? मग पट्टी लांब केली की तडा तिच्या नव्या टोकाला सरकतो. आमच्या गाडीवर तीन पट्ट्या एकावर एक होत्या, कांद्यासारख्या.

चेसिस ही शिडी आहे. एक चाक दगडावर चढलं की तिने पिळायला हवं, आणि सी चॅनेल पीळ सहज घेतं. काही जण मजबुतीच्या नादात जोडापाशी चॅनेलच्या उघड्या बाजूला पत्रा लावून बंद चौकोनी पेटी करतात. पेटी पीळ घेत नाही, मग तिच्या वाटचा पीळ शेजारच्या चॅनेलला आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांच्या, रिव्हेटांना घ्यावा लागतो. कापताना एखादा क्रॉस मेंबर मध्ये आला म्हणून काढला आणि परत बसवलाच नाही, हा याचा उलटा प्रकार. आमच्या गाडीत दोन्ही होतं. पेटीही होती आणि मधला क्रॉस मेंबर भंगारात गेला होता.

टिपर असेल तर सबफ्रेमचं पुढचं टोक नक्की बघा. केबिनच्या मागे वरच्या फ्लँजला तडा असेल तर तो बहुधा याचाच प्रताप. हौद्याखालची सबफ्रेम पुढे काटकोनात संपत असेल तर ती कुदळीसारखी चॅनेलवर टोचत राहते. टोक खालून तिरपं कापून निमुळतं करा, म्हणजे भार हळूहळू उतरतो.

मालकांच्या मुलाने मला मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले. तिकडे १९६७ ते ७२ च्या शेवरोले पिकअपची १२७ इंची चेसिस कापून ११५ इंची करायचा छंदच आहे आणि ती माणसं फार नेटकं काम करतात. "मिस्त्री, त्यांच्यात तडा जात नाही, आपल्यात कसा जातो?" म्हणाला. मी म्हटलं, "पोरा, ती गाडी रविवारी आइस्क्रीम आणायला जाते. तुझी दहा टन दगड घेऊन खाणीतून वर येते."

दुरुस्ती: आम्ही काय केलं

पहिला सल्ला ज्यांनी अजून कापलेलं नाही त्यांना: मधून कापूच नका. चॅनेल मागेपर्यंत सरळ आणि एकाच उंचीचं असेल तर कमानपाट्यांचे ब्रॅकेट सोडवून मागचं हाउसिंगच (मागच्या चाकांचा अॅक्सल) पुढे सरकवा आणि उरलेली शेपूट मागून कापा. जोड नाही, तर तडा कुठला? फक्त नवी भोकं ड्रिलने, उभ्या पत्र्यात पाडायची. फ्लँजला भोक नाही म्हणजे नाही.

दुसरं, चॅनेल जास्त ताकदीच्या किंवा उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचं असेल तर त्याला वेल्डिंग लावायचं नाही. चेसिसवर तशी सूचना असते किंवा कंपनीच्या बॉडीबिल्डरसाठीच्या पुस्तिकेत असते. जुन्या गाड्यांचं चॅनेल बहुतेक साधं असतं, पण 'बहुतेक'वर दहा टन ठेवू नका. खात्री करा.

आमची गाडी कापून झालेलीच होती. हौदा उतरवला, चेसिस सहा ठिकाणी टेकू देऊन सरळ रेषेत आणली. बॅटरी सोडली, डिझेलची टाकी उतरवली. कमानपाट्यांवर ओली गोणपाटं टाकली, कारण पाट्यावर एक ठिणगी चिकटली तरी पाटा पुढे तिथूनच तुटतो. अर्थिंगची पकड वेल्डच्या जवळ, चॅनेललाच लावली. ती हाउसिंगला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो.

तिन्ही पट्ट्या ग्राइंडरने काढल्या. हेच सगळ्यात वेळखाऊ काम, दीड दिवस गेला. जुनं वेल्ड खणून काढलं, कडा तिरप्या करून साधारण ६० अंशांची व्ही पाडली, मुळाशी २-३ मिमी फट ठेवली आणि मागे तांब्याची पट्टी धरली. जे तडे जोडापासून दूर गेले होते त्यांच्या टोकाला आधी ६ मिमीचं भोक पाडलं, मग खणले. नुसतं भोक पाडून सोडणं ही चार दिवसांची सोय झाली, इलाज नव्हे.

वेल्डिंगचा रॉड ७०१८. नेहमीचा ६०१३ गेटला, खिडकीला ठीक आहे. पण ७०१८ खोका फोडून पावसाळी हवेत आठवडाभर ठेवलेला असेल तर तो ६०१३ पेक्षा बरा नाही. ओलाव्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि तडा दुसऱ्या दिवशी, गाडी उभी असतानाच येऊ शकतो. खोक्यावर लिहिलेल्या तापमानाला रॉड भाजून घ्या.

फ्लँजच्या कडेला एक गोष्ट कोणी करत नाही आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेल्ड फ्लँजच्या काठावर संपवलं की तिथे खड्डा राहतो आणि ताण तिथेच सर्वांत जास्त. म्हणून काठाला त्याच जाडीचा पत्र्याचा तुकडा टाचून घ्या, वेल्ड त्या तुकड्यावर नेऊन संपवा आणि नंतर तुकडा कापून टाका. मग वेल्ड पत्र्याला सपाट घासा. घासताना ग्राइंडरचे ओरखडे चॅनेलच्या लांबीच्या दिशेने आले पाहिजेत. आडवा ओरखडा म्हणजे ब्लेडने मारलेली खूण, चॅनेल पुढे तिथूनच फाटतं. एका बाजूचं थोडं, मग दुसऱ्या बाजूचं थोडं, असं आलटून पालटून करा. एक चॅनेल पूर्ण संपवून दुसरं घेतलं तर चेसिस केळ्यासारखी होते.

पट्टीच्या जागी आतून चॅनेल घातलं: ६ मिमी पत्रा बेंडिंग मशीनवर सी आकारात वाकवून, मूळ चॅनेलच्या आत घट्ट बसेल असं, १.६ मीटर लांब. यात फ्लँजलाही फ्लँजची साथ मिळते. दोन्ही टोकं तिरकी कापलेली, त्यामुळे ताठपणा एका रेषेवर संपत नाही. ती टोकं पाट्याच्या ब्रॅकेटपाशी किंवा क्रॉस मेंबरपाशी येणार नाहीत असं बघितलं. वेल्ड अजिबात नाही. १०.९ ग्रेडचे बोल्ट फक्त उभ्या पत्र्यातून, भोकं रीमरने बोल्टच्या मापाची केलेली. बोल्ट भोकात खुळखुळत असेल तर ते जोडकाम नव्हे, लटकवणं आहे. काढून टाकलेल्या क्रॉस मेंबरच्या जागी जुन्या बाजारातून त्याच मॉडेलचा आणून बसवला.

शाफ्टचा हादरा

गाडी तीस-चाळीसच्या वेगाला थरथरते आणि सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मधे धरणाऱ्या बेअरिंगचं) रबर सारखं फाटतं, ही तक्रार याच गाडीची होती, पण मालकांनी ती वेगळी समजून वेगळ्या मिस्त्रीला दाखवली होती. वेगळी नव्हती. हादरा सेंटर बेअरिंगमधून क्रॉस मेंबरला आणि तिथून चॅनेलला जातो, रिव्हेट सैल होतात आणि तड्याला रोज खुराक मिळतो.

गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा शाफ्ट आखूड केला की त्याचा कोन वाढतो हे लक्षात घेतलं जात नाही. समजा गिअरबॉक्स आणि हाउसिंग दोन्ही आडवे आहेत आणि मागचा शाफ्ट २ मीटरला २०० मिमी खाली उतरतो. कोन झाला ५.७ अंश. तोच शाफ्ट १.४ मीटरचा केला, खाली उतरायचं तेवढंच २०० मिमी, तर कोन ८.१ अंश. टोकाच्या क्रॉसमुळे (युनिव्हर्सल जॉइंट) शाफ्टचा फिरायचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो आणि हा झटका कोनाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जवळपास दुप्पट. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर हाउसिंगपर्यंत तो पोचत नाही, पण मधला शाफ्ट झटके खातच राहतो.

म्हणून दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये जमत असेल तर मागचा तुकडा आहे तसा ठेवा, पुढचा आखूड करा आणि सेंटर बेअरिंगचा क्रॉस मेंबर मागे-पुढे करून त्या मापावर आणा. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ रेषेतच असतो, त्याला कोनाचा त्रास कमी. आमच्या गाडीत उलटं केलेलं होतं. शिवाय शाफ्ट वेल्ड करताना एका टोकाचा योक (क्रॉस धरणारा काटा) दुसऱ्याच्या तुलनेत थोडा फिरला होता. दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत हवेत. जुन्या शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, कापण्याआधी त्या पंचने ठोकून पक्क्या करा. शेवटी लेथवर डायल लावून वाकडेपणा बघा आणि बॅलन्सिंग करून घ्या. बॅलन्सिंग न केलेला शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला एकदा मारतो, कोन चुकलेला दोनदा. अनुभवी ड्रायव्हरला सीटवर बसल्या बसल्या फरक कळतो.

गाडी तिरकी चालते का?

मागून बघितलं की गाडी कुत्र्यासारखी अंग तिरकं करून पळते, असं असेल तर एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा दोन-चार मिमी जास्त कापलं गेलंय. यासाठी महागडं मशीन नको. सपाट फरशीवर गाडी उभी करा, पुढच्या-मागच्या पाट्यांच्या पिनांवरून गवंड्याचा ओळंबा सोडा, खाली खडूने खुणा करा, गाडी बाजूला काढा आणि खुणांचे कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मिमीपर्यंत फरक मी चालवून घेतो. वेल्डिंगच्या आधी एकदा, टाके घातल्यावर एकदा आणि पूर्ण झाल्यावर एकदा. मधलं माप चुकवू नका, कारण टाका तोडता येतो, पूर्ण वेल्ड तोडायची हिंमत होत नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. व्हीलबेस सातवा हिस्सा घटला तर ब्रेक मारताना पुढच्या चाकांवर सरकणारं वजन सुमारे १७ टक्क्यांनी वाढतं आणि मागची चाकं तेवढी हलकी होतात. रिकामी गाडी ओल्या उतारावर मागून लॉक होऊन घसरू शकते. रिकाम्या गाडीने, कमी वेगात, मोकळ्या जागेत हे तपासून घ्या. ब्रेकचे पाइप लांब उरले म्हणून वेटोळं करून बांधू नका, मापाचे बनवून घ्या. हँडब्रेकची केबलही.

जोड झाल्यावर आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर पांढरा रंग मारतो. काळ्या चेसिसवर केसाएवढा तडा दिसत नाही, पांढऱ्यावर गंजाची तांबडी रेघ लगेच उमटते. पहिल्या पन्नास खेपांनंतर यू बोल्ट आणि आतल्या चॅनेलचे बोल्ट पुन्हा आवळायचे. त्यानंतर दर महिन्याला गाडी धुतली की ड्रायव्हरने बॅटरी घेऊन खाली शिरायचं आणि पांढऱ्या पट्ट्यावर हात फिरवायचा, विशेषतः खालच्या फ्लँजच्या काठावर. रेघ दिसली तर गाडी तिथेच उभी करायची, हौदा भरलेला असला तर आधी रिकामा करायचा, आणि मशीनला हात न लावता पहिल्यांदा चुना फासायचा.